पट्ट्या दिसल्या का, मॅडम?

आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये दर वर्षी दोन गोष्टी साठतात, विद्यार्थ्यांची जर्नल्स आणि किस्से. जर्नल्स तीन वर्षांनी रद्दीवाला पोत्यात भरून नेतो. किस्से कोणी नेत नाही, त्यामुळे ते वाढतच राहतात. त्यातले निम्मे तरी एकाच खोलीत घडलेले असतात, ती म्हणजे आमची डार्करूम.

या खोलीला खिडकी नाही. पंखा आहे, पण तो लावायचा नाही, कारण पंख्याने टेबल हलतं असा मल्लिनाथ मामांचा नियम. सोलापूरच्या उन्हाळ्यात बिनपंख्याच्या बंद खोलीत दहा मिनिटं उभं राहून बघा, म्हणजे माणसं आत गेल्यावर खरं-खोटं काहीही का बोलतात ते कळेल.

मल्लिनाथ मामा आमचे लॅब अटेंडंट. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे, घरात कानडी, कॉलेजात मराठी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी या एका डिपार्टमेंटमध्ये काढली. डार्करूममध्ये ते एक प्रयोग लावून द्यायचे, आणि तो त्यांच्याशिवाय कोणालाही लागायचा नाही. मलाही नाही, आणि मी तर तिथे बारा वर्षं तो प्रयोग शिकवतेय.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. एक सोडियमचा पिवळा दिवा, त्याच्यापुढे केसाएवढी बारीक उभी फट आणि फटीपुढे बायप्रिझम. बायप्रिझम म्हणजे पायाला पाया जोडून ठेवलेले दोन बसके प्रिझम, पण एकाच काचेत घडवलेले. पाहणाऱ्याला ती साधी काचच वाटते. फटीतून आलेल्या उजेडाचे तो दोन भाग करतो, ते दोन भाग पुढे जाऊन पुन्हा एकमेकांत मिसळतात, आणि मिसळतात तिथे एक उजळ, एक काळी, एक उजळ, एक काळी अशा उभ्या पट्ट्या उमटतात. उजेडात उजेड मिळवला की काही ठिकाणी अंधार होतो! आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या नळीला, डोळा लावून त्या पट्ट्या मोजायच्या आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची.

मेख एकच. फट आणि प्रिझमची मधली कड अगदी समांतर असावी लागते. त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. तो कणभर इकडे-तिकडे झाला की पट्ट्या गायब, नुसता पिवळा धूर.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचे किस्से कळणार नाहीत. गेल्या फेब्रुवारीपर्यंत मी त्या पट्ट्या आयुष्यात एकदाही पाहिल्या नव्हत्या.

*

याची सुरुवात माझ्या बी.एस्सी.लाच झाली.

मला सात नंबरचा चष्मा. आमच्या वेळच्या लॅबमध्ये माझी पार्टनर होती, तिने आधी पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, किती छान!" मग मी चष्मा काढून डोळा लावला. मला चिकूच्या मिल्कशेकसारखं काहीतरी दिसलं. मागे नऊ जणी रांगेत उभ्या होत्या. सरांनी विचारलं, "दिसतंय का?"

मी म्हटलं, "हो सर, छान."

एकदा छान म्हटलं की मग परत जाऊन "सर, दिसत नव्हतं" म्हणता येत नाही. रीडिंग्ज पार्टनरची घेतली. उत्तर काय यायला हवं ते सगळ्यांना पाठ असतं, पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम. मी खालून वर गणित केलं आणि खरं वाटावं म्हणून पाच हजार आठशे नव्वद आणलं. सरांनी लाल पेनने 'व्हेरी गुड' लिहिलं.

त्या व्हेरी गुडवर मी एम.एस्सी. केलं, नोकरी मिळवली आणि याच प्रयोगावर दर वर्षी वर्गाला लेक्चर देऊ लागले. कृती पाठ होती. "पायरी पहिली. आयपीस मागे-पुढे करून आपल्या डोळ्याला क्रॉस-वायर स्पष्ट दिसेल असा लावून घ्यावा." हे वाक्य मी बारा वर्षं, फळ्याकडे पाठ करून, खड्या आवाजात डिक्टेट केलं आहे.

*

मामांची प्रयोग लावायची पद्धत वेगळीच होती.

गेली काही वर्षं ते स्वतः आयपीसला डोळा लावायचे नाहीत. विद्यार्थ्याला स्टुलावर बसवायचे. चष्मेवाला असेल तर चष्मा काढायला लावायचे, कारण काडी लागून आयपीस हलतो. "तार दिसतीय का?" म्हणून विचारायचे, ही तार म्हणजे क्रॉस-वायर, मोजायच्या खुणेसाठी आयपीसमध्ये ताणलेली. मग बेंचशी वाकून, एका हाताने स्क्रू फिरवत राहायचे.

"दिसलं का?"

"हो मामा."

मामा स्क्रू फिरवतच राहायचे.

"आता?"

"हो मामा, मस्त दिसतंय."

तरी फिरवणं चालूच. मग मध्येच कधीतरी, पोराला न विचारता, थांबायचे आणि म्हणायचे, "साकु." कानडीत साकु म्हणजे बास. मग कोणी त्या स्क्रूला हात लावायचा नाही.

मला वाटायचं, विद्यार्थ्याला बसवणं ही त्यांची शिकवायची पद्धत असेल. मलाही ते प्रत्येक बॅचच्या आधी बसवायचे. "तार दिसतीय का, मॅडम?" मी म्हणायची, "हो हो, दिसतेय." "पट्ट्या?" "हो, छान." मामा माझ्याकडे बघायचे आणि मग एखाद्या विद्यार्थ्याला बोलवायचे.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या उपकरणांची पूजा होते. व्होल्टमीटरला झेंडूचं फूल, दुर्बिणीला हार, ऑप्टिकल बेंचपुढे नारळ. एका वर्षी एचओडी सर म्हणाले, "यंदा पूजा मी करतो." सर भाविक आणि घाईचे. त्यांनी कुंकवाची वाटी घेतली आणि दिसेल त्या वस्तूला एकेक बोट लावत सुटले. बायप्रिझमलाही लावलं, बरोब्बर मधोमध.

मामा कासावीस झाले. पण लावलेलं कुंकू दसरा होईपर्यंत पुसायचं कसं? दोन दिवस प्रिझम तसाच पूजेत बसला. नंतर मामांनी स्पिरिटने पुसला, तरी कडेला लालसर झाक राहिली ती राहिलीच.

त्या टर्मला निम्म्या जर्नल्समध्ये 'पट्ट्या डावीकडे तांबूस दिसतात' असं निरीक्षण आलं. मी सगळ्यांना सही दिली, कारण तांबूस की हिरव्या हे मला कुठे माहीत होतं. शेवटी एका मुलाच्या जर्नलमध्ये 'घ्यावयाची काळजी' या मथळ्याखाली तिसऱ्या क्रमांकावर वाक्य होतं, "कुंकू प्रिझमच्या कडेला लावावे, मध्ये लावू नये."

*

एकदा तपासणी समिती आली. तीन मोठे प्राध्यापक, बाहेरगावचे. डिपार्टमेंटला रांगोळी, प्रत्येकाच्या खिशाला नवा पेन. समिती डार्करूमच्या दाराशी पोचली आणि लाइट गेली.

सोडियमचा दिवा एकदा विझला की लाइट आल्यावरही पुन्हा नीट पेटायला दहा मिनिटं लागतात. एचओडी सरांचा चेहरा पडला. मामा म्हणाले, "सर, काळजी करू नगा. स्पिरिटच्या दिव्यावर मीठ टाकलं की पिवळीच ज्योत व्हती." आणि हे खरंच आहे, मिठात सोडियम असतं.

केमिस्ट्रीवाल्यांकडून दिवा आला. मीठ मात्र कोणाकडेच नव्हतं. मामांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचा जेवणाचा डबा उघडला. डब्यात भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीत मीठ असतंच, म्हणून त्यांनी चांगली चिमूटभर ज्योतीवर सोडली.

ज्योत पिवळी झाली, पण चटणीत लसूण आणि तिखटही होतं. बंद खोलीत असा ठसका उठला की समिती, एचओडी आणि मी सगळे एकदम खोकायला लागलो. समितीतल्या तिघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी. तशा डोळ्यांनी ते आळीपाळीने आयपीसला वाकले.

पहिले म्हणाले, "ब्यूटिफुल." दुसरे नाक पुसत म्हणाले, "फारच स्पष्ट." तिसऱ्यांना बोलवेना, त्यांनी नुसता अंगठा दाखवला.

ते गेल्यावर मामा दार उघडून वारा घालत मला हळूच म्हणाले, "मॅडम, मी अजून प्रिझम लावलाच नव्हता की. त्यो खिशात हाय."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पट्ट्या न दिसणारी मी एकटीच नव्हते.

*

आता माझी सगळ्यात मोठी फजिती.

मामा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. सोलापुरात धूळ फार, म्हणून जायच्या आधी त्यांनी आयपीसच्या पुढच्या तोंडावर जुन्या पंच्याचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधून ठेवला होता. मला ते ठाऊक नव्हतं. मी बॅच डार्करूममध्ये पाठवली आणि मनातल्या मनात म्हटलं, आज पट्ट्या काही निघत नाहीत.

पंधरा मिनिटांत त्या बॅचमधला इरफान बाहेर आला. "मॅडम, एकदम झकास फ्रिंजेस मिल्या. वीस मोजल्या मैं."

मी आत गेले. मामा नव्हते, त्यामुळे चष्मा न काढता डोळा लावला. आणि मला दिसलं! उजळ, काळी, उजळ, काळी, उभ्या, सरळ, एकसारख्या. मी इरफानच्या पाठीवर थाप मारली. त्या पोराला काय कळणार, त्याला वाटलं मॅडम आज भलत्याच खूश आहेत.

उत्तर मात्र अकरा हजार आठशे आलं होतं. मी विचारलं, "इरफान, माणसाच्या डोळ्याला दिसणारा प्रकाश आठ हजारांच्या आतच संपतो. मग हा तुला दिसला कसा?"

"मॅडम, अब दिखरा तो दिखरा. तुमीच देखे ना?"

मी पाहिलं होतं खरं. सही केली. जाताना पावशेर पेढे घेतले. घरी नवऱ्याने विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "सहज." पण मी स्वयंपाक करताना गाणं गुणगुणत होते हे त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

उरलेले पेढे दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेले. दुसऱ्या बॅचला श्रावणी होती. तिच्या घरी यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि लहानपणापासून ती भिंगाखाली कापडाचे धागे मोजत आली आहे. पेढा तोंडात टाकून तिने आयपीसला डोळा लावला आणि लगेच उचलला.

"मॅडम, हे कापड आहे."

"काय?"

"साधी वीण आहे. उभे धागे आहेत, आडवेपण आहेत. धुऊन धुऊन विरलेला पंचा असणार."

मी आयपीसच्या पुढे हात घातला. पंचा हाताला लागला. इरफानला बोलावून विचारलं, "अरे, तुला आडव्या रेषा दिसल्या नाहीत?"

"दिखे ना मॅडम. मैं लिखा उनको."

जर्नल काढून बघितलं. खरंच लिहिलं होतं. "आडव्या रेषा दिसल्या. उपकरणातील दोष म्हणून दुर्लक्ष केले." खाली माझी सही.

*

मामा लग्नाहून परतल्यावर त्यांनी श्रावणीला स्टुलावर बसवलं. मी दाराच्या पडद्याशी उभी होते.

"तार दिसतीय का?"

"नाही मामा. थांबा." तिने स्वतःच आयपीस थोडा मागे-पुढे केला. "आता दिसतेय."

मामांनी स्क्रू फिरवायला घेतला. "दिसलं का?" "नाही." "आता?" "नाही." मला तिचं आश्चर्यच वाटलं. इतक्या वर्षांत त्या स्टुलावरून 'नाही' असा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग मामांनी विचारलं, "आता?" आणि ती काहीच बोलली नाही. अर्धं मिनिट गेलं. मामा म्हणाले, "साकु."

तिने न थांबता चाळीस पट्ट्या मोजल्या, तोंडातल्या तोंडात तेलुगूत. उत्तर आलं पाच हजार आठशे एकाहत्तर. मी सवयीने म्हटलं, "अगं, त्र्याण्णव यायला हवं. थोडं ॲडजस्ट करून टाक."

"मॅडम, मोजलेलं कसं बदलू? आमच्याकडे मोजून कमी भरलं तर कमीच म्हणतात."

मी सही केली. घरी जाताना रिक्षात मला स्वतःचीच फार लाज वाटली.

*

आणि मग कळलं की मामा फेब्रुवारीअखेर रिटायर होतायत. प्रॅक्टिकलची परीक्षा मार्चमध्ये.

एचओडी सर आनंदाने म्हणाले, "काही हरकत नाही, मॅडम आहेत ना. बारा वर्षांचा अनुभव आहे. बायप्रिझम मॅडम लावतील."

एकवीस मुलं, त्यातल्या सातांना चिठ्ठीत हाच प्रयोग येणार. मी पट्ट्या काढून दिल्या नाहीत तर ती सात पोरं नापास. आणि बाहेरचे परीक्षक कोण येणार, तर ज्यांचं प्रॅक्टिकल गाईड आमची सगळी मुलं वापरतात तेच मोठे सर. पोरं चुकली तर ते पोरांना नापास करतात आणि शिक्षकांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात, अशी त्यांची ख्याती.

मी तीन आठवडे सकाळी साडेसातला लॅबमध्ये जात होते. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, त्यात बघून फट बारीक करायची, प्रिझम सरकवायचा, स्क्रू फिरवायचा. चष्मा काढून बघितलं तर मिल्कशेक. चष्मा घालून बघितलं तर त्याच्या काचेत माझाच डोळा. व्हिडिओतला माणूस दर वेळी म्हणायचा, "आणि आता आपल्याला सुंदर पट्ट्या दिसत आहेत." त्या माणसाला मी मनात फार शिव्या घातल्या.

मामा नऊ वाजता यायचे. मी घामाघूम झालेली. ते विचारायचे, "लागलं का, मॅडम?" मी म्हणायची, "जवळजवळ."

*

मामांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फेटा. एचओडी सरांनी भाषणात सांगितलं, "मल्लिनाथ मामांची नजर म्हणजे गरुडाची नजर. जे आम्हाला दिसलं नाही ते त्यांना दिसलं." टाळ्या पडल्या. मामा मान खाली घालून बसले होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

समोसे खाऊन सगळे पांगले. मामा डार्करूमची किल्ली द्यायला आले, अजून फेटा डोक्यावरच. किल्ली हातात घेतली आणि मला रडूच आलं.

"मामा, मला पट्ट्या दिसत नाहीत."

"म्हंजी?"

"कधीच दिसल्या नाहीत. कॉलेजपासून. बारा वर्षं मी खोटं बोलतेय. आता त्या पोरांचं काय करू?"

मामा स्टूल ओढून बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मला ठाव हाय की, मॅडम."

"काय?"

"तुमी लई लगेच व्हय म्हनता. ज्याला खरं दिसतं त्यो लगेच बोलत न्हाय."

ते पुढे म्हणाले, "आनि मला तरी कुटं दिसतंय? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. सात-आठ वर्सं झाली."

"मग तुम्ही लावता कसं?"

"पोरांच्या तोंडाकडं बघून. दिवा लागला की पिवळा उजेड गालावर पडतो, तेवडं दिसतंय मला. ज्याला दिसत न्हाय त्ये पोरगं बडबडत असतंय. खरं दिसलं की त्याचा श्वास थांबतो. तितं स्क्रू सोडायचा."

"अहो, मग ऑपरेशन का नाही केलं?"

"सुट्टी टाकली असती तर हितं कोन बघनार हुतं?" आता ते स्वतःच हसायला लागले. मीही हसले, आणि मग दोघं इतके हसलो की एचओडी सर "काय झालं?" म्हणून डोकावून गेले.

मग मामांनी दिवा लावला. मला स्टुलावर बसवलं.

"चष्मा काडा. तार दिसतीय का? खरं सांगा."

"नाही."

"नंबर किती तुमचा?"

"सात."

त्यांनी आयपीस बोटाने हळूहळू आत ढकलला. आणखी. आणखी थोडा. एकाएकी मिल्कशेकच्या मधोमध एक काळी, बारीक, कोरीव तार उभी राहिली. पायरी पहिली. बारा वर्षं खड्या आवाजात डिक्टेट केलेली पायरी पहिली.

"आता तार दिसते, मामा."

"हां. आता गप बसा."

मामांनी स्क्रू फिरवायला घेतला. मी काय पाहिलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की बाहेर कोणीतरी वॉटर कूलरचा नळ सोडला, बाटली भरली, नळ बंद केला, निघून गेलं, तरी मी तिथेच होते. मग शेजारून आवाज आला, "साकु."

*

मार्चमध्ये परीक्षेच्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "मॅडम, आयपीसकडं बघू नगा, तोंडाकडं बघा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

परीक्षक सर साडेदहाला आले. सफारी, काळ्या फ्रेमचा जाड चष्मा, हातात स्वतःच्याच गाईडची नवी आवृत्ती. चहा घेतानाच त्यांनी एचओडी सरांना तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं स्वतः दिली. मग म्हणाले, "मुलांना आत सोडण्याआधी बायप्रिझमचं सेटिंग मी स्वतः बघणार. पट्ट्या नसतील तर त्या मुलांना मार्क नाहीत. माझा नियम आहे." दारात सात पोरं भिंतीला पाठ लावून उभी होती, त्यात इरफान आणि श्रावणी.

सर आणि मी आत गेलो. मी पडदा सोडला. दिवा तापून पिवळा झाला होता. सर स्टुलावर बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, आयपीसकडे वाकले आणि म्हणाले, "हं. उत्तम. काँट्रास्ट फार छान आहे. पट्ट्या सुरेख."

मी स्क्रूला अजून हातही लावला नव्हता.

सर उठायला लागले. मी म्हटलं, "सर, एक मिनिट. बसा ना. आपला नंबर किती?"

"कसला नंबर?"

"चष्म्याचा."

"साडेपाच. का?"

"काही नाही, सर." मी आयपीस बोटाने हळूहळू आत ढकलला. "तार दिसते का?"

"अहो, दिसते म्हणजे... हो, हो, दिसतेच आहे. पट्ट्याही दिसतायत म्हटलं ना तुम्हाला."

मी आणखी ढकलला. सरांचं बोलणं मध्येच तुटलं. "हं," ते हळूच म्हणाले. "ही... ही तार होय?"

मी वाकून स्क्रू फिरवायला घेतला. त्यांच्या गालावर पिवळा उजेड पडला होता. "गाईडमध्ये मी स्पष्ट लिहिलं आहे की फट आणि प्रिझमची कड," सर सांगत होते, "या दोन्ही जर एकमेकींना पूर्णपणे समांतर केल्या तर मग..."

बाहेर पोरांची कुजबुज थांबली. एचओडी सरांनी पडद्याबाहेरून विचारलं, "झालं का, मॅडम? सर, चहा आणू का अजून?"

सर काहीच बोलले नाहीत.

मी स्क्रूवरचा हात काढला.

"साकु," मी म्हटलं.